कावीळ उतरली म्हणे

“उतरली बघा,” शिदूनाना म्हणाले आणि त्यांनी पितळी परात उजेडाकडे तिरकी केली. “पैल्या बैठकीला पानी कसं हळदीवानी झालंतं? आन् आज बघा. उतरली.”

माझ्या सासूबाई परातीवर वाकल्या. त्यांना मी आत्या म्हणते. पाणी खरंच फिकं होतं, लिंबाच्या सरबताइतपत. आत्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. माझा नवरा हेमंत सोप्याच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं इतक्या मोठ्यानं सुस्कारा सोडला, की मागल्या खोलीतल्या यंत्रमागांचा खडखडाट असूनही मला ऐकू आला.

मी परातीवर नुसती नजर टाकली. माझ्या मांडीवर केतकी होती, तीन वर्षांची. नानांनी तिचे हात चोळले, धुतले, पुसले, तरी ती जागी झाली नव्हती. मी अंगठ्यानं तिची पापणी वर केली. डोळा पहिल्या दिवशी होता त्याहून पिवळा होता.

“डोळे आणखीच पिवळे झालेत नाना,” मी म्हणाले.

“डोळं मागनं निवळत्यात, सूनबाई. आधी अंगातली जाती, मग डोळ्यातली.”

“आणि ही उठत का नाही?”

“कावीळ उतरल्याव झोप लागतीच. अंग हलकं हुतंय.”

प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. त्या दिवशी मला भीती वाटली ती त्याचीच. केतकी रडली असती, तर कावीळ बाहेर पडताना त्रास होतो म्हणाले असते. हसली असती, तर बरी झाली म्हणाले असते. ती झोपली होती, तर तेही बरंच लक्षण होतं.

शिदूनाना काही भोंदू नव्हते, हे आधीच सांगून टाकते. आमच्या मागवाल्यांच्या गावात त्यांच्याइतका मान कुणाला नव्हता. पैसा घ्यायचे नाहीत. चहासुद्धा नाही. वडिलांकडून विद्या आलेली. कुठल्याशा झाडाची साल ठेचून रस काढायचा, रोग्याच्या तळहातांना तोंडानं पुटपुटत चोळायचा, मग चुन्याच्या निवळीत हात धुवायचे. पाणी पिवळं होतं, ती अंगातली कावीळ. अशा तीन बैठका, एकाआड एक दिवस. तोवर रोग्यानं लाह्या आणि पाण्यावर राहायचं, मीठ बंद, तेल बंद, घरात हळद बंद. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे सुई टोचायची नाही. सुई टोचली की कावीळ उलटते.

मी बीएस्सी झालेली आहे. मग त्यांच्यापुढे मुलीला घेऊन बसलेच कशी, असं कुणी विचारेल. केतकीचे डोळे पिवळे दिसले तेव्हा आधी मी तिला गावातल्या डॉक्टरांकडेच नेलं होतं. त्यांनी तिच्याकडे धड बघितलंही नाही. टॉनिकची बाटली लिहून दिली. “रक्त तपासायला नको का?” असं मी विचारलं, तर हेमंतकडे बघून हसले. “मॅडमना जास्त कळतं वाटतं! मी डॉक्टर आहे की त्या?” घरी आल्यावर आत्या म्हणाल्या, नाना निदान पोरीला जवळ तरी घेतात. मी हो म्हणाले. नानांनी खरंच तिला जवळ घेतलं, तिच्या गालाला गाल लावला, “माजी बाय ती” म्हणाले.

पण मी बघत होते. दुसरं काही हातात नसलेली आई बघतेच. केतकी किती घास खाते, लघवीचा रंग कसा आहे, हाक मारली की किती वेळानं बघते. आणि नानांचे हातही बघत होते.

“नाना,” मी विचारलं, “पहिल्या दिवशी तुम्ही रसाची अख्खी वाटी हिच्या हातांवर ओतलीत. परवा निम्मी. आज नुसतं बोट बुडवलंत. असं का?”

“तसंच असतंय. पैल्या दिवशी वंजळभर, दुसऱ्याला निम्मा, तिसऱ्याला बोटभर. आमच्या आबांनी तसंच शिकवलंय.”

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं, की क्षणभर मलाच लाजल्यासारखं झालं. लपवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. मी हेमंतकडे बघितलं. त्याच्या काहीही लक्षात आलेलं नव्हतं.

“अहो, ऐकलंत? रस कमी लावला की पाणी कमी पिवळं होणार.”

“हर्षदा, आता उगीच…”

“उगीच काय? गाडी काढा. हिला सांगलीला न्यायची आहे, आत्ता.”

आत्या ताठ झाल्या. “आत्ता? बैठक उठली न्हाई तवर? तितं गेल्या गेल्या सुई टोचतील. उलटली मंजी?”

“आट दिवस सुई न्हाई,” नाना म्हणाले. “पुढं मग तुमी न्या कुटंबी.”

“आठ दिवस तिनं काढले नाहीत तर?”

“अगं ए!” आत्या ओरडल्या. “जिभेला काय हाड? लेकरू मांडीवर हाय तुज्या!”

“मांडीवर आहे म्हणूनच बोलते आहे.”

हेमंत दोघींच्या मध्ये येऊन उभा राहिला. तो वाईट माणूस नाही. त्याच्या वडिलांची कावीळ नानांनी उतरवली होती, आणि ते बरे झालेले त्यानं स्वतः बघितले होते. तो हळू आवाजात म्हणाला, “हे बघ, नाना खोटं कशाला बोलतील? त्यांना काय मिळतं त्यात?”

“ते खोटं बोलत नाहीयेत. मी असं म्हटलंच नाही.”

“मग?”

“तुम्ही सूत घेता. व्यापारी पोराबाळांची शपथ घालून सांगतो, रंग पक्का आहे. बिचारा खरंच तसं मानत असतो, त्यालाही आधी कुणीतरी तसंच सांगितलेलं असतं. मग तुम्ही काय करता?”

“एक लड घरी आणून धुतो.”

“नुसती?”

“पांढऱ्या सुताबरोबर. रंग सुटला तर त्याला लागतो,” तो म्हणाला.

“तेवढंच करायचं आहे मला. पांढऱ्या सुताबरोबर धुवायचं आहे.”

मी केतकीला त्याच्या हातात दिली आणि बाह्या वर सारल्या. कोपऱ्यात निवळीचा तांब्या होता. परातीतलं पाणी मी अंगणात फेकलं आणि नवी निवळी ओतली. नानांच्या शेजारी रसाची वाटी होती, अजून निम्म्याहून जास्त भरलेली. मी हात घातला, तेवढ्यात नानांनी वाटीवर पंजा ठेवला.

“न्हाई सूनबाई. निरोग्याच्या हाताला ह्यो रस लावायचा न्हाई.”

“का?”

“विद्या जाती.”

“कुणी सांगितलं?”

“आबांनी.”

“आबांनी कधी लावून बघितला होता?”

असा प्रश्न असू शकतो, हेच नानांना माहीत नसावं. त्यांचा पंजा वाटीवर होता, पण दाबलेला नव्हता. मी वाटी ओढून घेतली. आत्यांनी तोंडावर पदर घेतला. “आता गं बया! विद्येवर हात टाकला हिनं!”

मी तळहात माखले, चांगले चोळले आणि परातीत धुतले.

पाणी पिवळं झालं. पहिल्या दिवशी केतकीच्या वेळी झालं होतं तसंच, हळदीसारखं.

खोटं कशाला सांगू, मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं की पाणी पांढरंच राहील आणि मी तोंडघशी पडेन. पडले असते तर मुकाट्यानं आठ दिवस थांबले असते. आजही सांगते, थांबले असते. बघायचंच असं ठरवल्यावर जे दिसेल ते मानावं लागतं.

“बघा आत्या. मला आहे का कावीळ?”

आत्यांनी माझे तळहात उलटेपालटे करून बघितले. नाना मात्र लगेच सावरले. “असंल की. आईची लेकीला, लेकीची आईला. दिसत न्हाई मनून न्हाई असं कुटंय? तुजीबी उतरवाय पायजे.”

“मंजी हिलाबी झाली?” आत्यांचा आवाज खरोखरीच्या काळजीनं बारीक झाला. मला हसू आलं आणि रडूही.

“अहो, केतकीला आत्यांकडे द्या. हात पुढे करा.”

हेमंतनं हात पुढे केले. सकाळपासून मागावर होता, बोटांना तेल होतं, ते आधी साबणानं धुवायला लावलं. नवी निवळी, नवा रस. पिवळं.

“ह्यालाबी!” आत्या म्हणाल्या.

“येका घरात सगळ्यास्नी हुतीया,” नाना म्हणाले, पण आता त्यांनी परातीत वाकून बघितलं होतं. “पानी येकच पिता तुमी.”

“मग तुमचा हात घाला. तुम्ही आमच्या घरचं पाणी पीत नाही.”

“मला शपत हाय. सोतावर विद्या चालवायची न्हाई.”

“बरं. तुम्हाला नको.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि लाटणं घेऊन आले.

आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा सोप्यात कुणी हसलं नाही. मी लाटण्याला रस चोळला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नाना चोळतात तसा अंगठ्यानं दाबून. मग हात साबणानं धुतले, परातीत नवी निवळी ओतली आणि लाटणं त्यात बुडवून धुतलं. पाणी हळूहळू पिवळं होत गेलं, आणि माझ्या हातांचं झालं होतं त्याच रंगावर येऊन थांबलं.

मागच्या खोलीत माग चालू होते.

मग आत्या म्हणाल्या, “लाटन्याला हळद लागली असंल.”

“घरात हळद कुठे आहे आत्या? नानांनीच बंद करायला सांगितली ना?”

हेमंतनं परात उचलली आणि उजेडात धरली, मघाशी नानांनी धरली होती तशी. बराच वेळ बघत होता. बोलला तेव्हा माझ्याशी नाही, नानांशी बोलला. “नाना, लाकडाला कावीळ होत नाही.”

नाना परातीकडे बघत होते. “हजार मानसं बरी केल्यात म्या,” ते म्हणाले. ते भांडत नव्हते. हरवलेली वस्तू आठवत असल्यासारखा त्यांचा आवाज होता.

“आणि जी बरी झाली नाहीत ती?” मी विचारलं.

“तसं कुनी झालंच न्हाई.”

“कशावरून?”

“परत आलं न्हाई कुनी. बरं झालं मनूनच आलं न्हाईत.”

“बरं झालं म्हणून आले नाहीत, हे कुणी येऊन सांगितलं?”

त्यांनी रसाची वाटी उगीच पुढ्यात ओढून घेतली. मला वाटतं, त्यांना कुणीतरी आठवलं. कोण, ते मी विचारलं नाही. तेवढं कठोर व्हायची गरज नव्हती, आणि केतकी अजून उठली नव्हती.

आत्यांनी केतकीला छातीशी घट्ट धरलं होतं. मी हात पुढे केले. त्यांनी दिली नाही.

“आत्या, द्या.”

“सुई टोचली आन् उलटली तर?”

“तर मला शिव्या द्या. जन्मभर द्या. पण आज ही गाडीवर बसणार.”

“माजी जबाबदारी न्हाई मग,” नाना खालच्या आवाजात म्हणाले.

“आत्तापर्यंत होती का नाना?”

हे मी बोलायला नको होतं, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. नणंदेनं फोन करून सांगितलं, माहेरी आईनं सांगितलं. वडीलधारा माणूस, एक पैसा न घेणारा. पण मला अजूनही ते वाक्य परत घ्यावंसं वाटत नाही. ज्याच्या शब्दावर माझी मुलगी आठ दिवस ठेवायची, त्याला तेवढं विचारायचा हक्क मला होता.

हेमंतनं आईच्या हातांतून केतकीला अलगद सोडवून घेतलं. “आई, गाडी काढतो मी,” एवढंच म्हणाला. त्या घरात त्यानं आईच्या मनाविरुद्ध केलेलं ते पहिलं काम.

मोटरसायकलवर मागे बसून केतकीला ओढणीनं पोटाशी बांधताना मी सोप्यात बघितलं. आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्यामागे शिदूनाना परातीजवळ एकटेच बसले होते. त्यांनी वाटीत बोट बुडवलं, इकडेतिकडे बघितलं आणि ते बोट तांब्यातल्या निवळीत घातलं. पुढचं मला दिसलं नाही, गाडी वळली होती.

सांगलीच्या दवाखान्यात मुलांच्या डॉक्टर होत्या, शिरीन बागवान. पन्नाशीच्या, बुटक्या, मोठ्या आवाजाच्या. केतकीच्या बोटाला सुई टोचून त्यांनी रक्ताचा थेंब घेतला, यंत्रात बघितलं आणि नर्सला हाक मारली ती ओरडूनच. रक्तातली साखर फार खाली गेली होती. लाह्या आणि पाण्यावर ठेवलेलं पोर. सलाईन लागलं. काही वेळानं केतकीनं डोळे उघडले आणि “आई, टोचतंय” म्हणून भोकाड पसरलं. तिच्या रडण्यानं मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पण मी तेवढ्यावर थांबले नाही. आता पांढरा कोट दिसला म्हणून मान डोलावणार नव्हते.

“मॅडम, हिला काय झालंय?”

“साधी कावीळ आहे, दूषित पाण्यातून होते ती. बहुतेक मुलं यातून उठतात. ही पण उठेल असं मला वाटतं.”

“वाटतं म्हणजे? तुमचं चुकत असलं तर ते मला कशावरून कळेल?”

हेमंतनं माझा दंड दाबला. “अगं, डॉक्टरांना असं विचारतात का?”

डॉक्टरबाई लिहीत होत्या. त्यांनी पेन थांबवलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी आधीच्या डॉक्टरांसारखं हसू येण्याची वाट बघत होते. ते आलं नाही. त्या उठून केतकीच्या खाटेपाशी आल्या.

“इकडे या. लक्ष ठेवा. परत अशी गुंगीत जायला लागली, हाक मारल्यावर तुम्हाला ओळखलं नाही, उगीचच मारायला चावायला लागली, हिरडीतून किंवा नाकातून रक्त आलं, तर माझं चुकलं. मग हे साधं नाही. मला लगेच बोलवा, झोपले असले तरी उठवा. शिवाय रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मी रोज बघणार आहे. तो आकडा वाढत गेला तरी माझं चुकलं, आणि मग मी हिला पुण्याला पाठवणार, इथे ठेवून घेणार नाही. तो कागद रोज तुम्हाला दाखवीन. चालेल?”

“चालेल,” मी म्हणाले. मग खाटेशेजारच्या स्टुलावर बसले आणि कावीळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच भिंतीला डोकं टेकलं.

त्यांचं चुकलं नाही. केतकी सावरत गेली. घरी सोडायच्या दिवशी आत्या एसटीनं आल्या. पिशवीत नारळ, पेढे आणि डॉक्टरबाईंसाठी खण. सगळं त्यांच्यापुढे ठेवून म्हणाल्या, “बाई, तुमच्या औशिदानं माजी नात वाचली.”

“माझ्या औषधानं नाही हो,” बाई म्हणाल्या. “या काविळीवर औषधच नसतं. लिव्हर आपलं आपण बरं होतं. साखर उतरली होती, तेवढी मी भरून काढली. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. बाकी आम्ही नुसतं बघत बसलो होतो.”

आत्या चमकल्या. मग त्यांचा चेहरा उजळला आणि त्या माझ्याकडे वळल्या. “ऐकलंस? औशद न्हाईच मनत्यात. मंजी नानाच्या बैठकीनंच उतरली.”

मी काही बोलायच्या आधी हेमंतच म्हणाला, “आई, चल, एसटी चुकेल.”

याला आता काही वर्षं झाली. केतकी शाळेत जाते, तिच्या पाठीवर एक भाऊ आहे, आणि आमच्या घरी कुणी पाव्हणं आलं की आत्या अजूनही नानांच्या तीन बैठकांची गोष्ट सांगतात. त्या गोष्टीत परात असते, पांढरं झालेलं पाणी असतं, फक्त मी नसते. मी भाकऱ्या थापता थापता ऐकते. आधी भांडायचे. आता भांडत नाही.

गेल्या वर्षी आत्यांच्या बहिणीचा फोन आला. त्यांच्या नातवाचे डोळे पिवळे झाले होते. आत्या बराच वेळ नुसत्या ‘हूं, हूं’ करत होत्या. मला वाटलं, आता नानांचा पत्ता सांगणार. मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले, कंबर कसूनच.

आत्यांनी फोनवर हात धरला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “त्या बागवान बाईचा दवाखाना कवा उघडतो गं?”

“दहाला.”

“दहाला उघडतो,” त्या फोनमध्ये म्हणाल्या. “निगा तुमी. आमी येतोय तितं.” मग फोन ठेवून पदर खोचत उठल्या. “चल. तूबी चल.”

“मी कशाला आत्या? तुम्ही आहात की.”

“म्या आसून काय उपेग?” त्या खेकसल्या. “तुमचं चुकलं तर कसं कळंल, आसं डाक्टरला तोंडावर इचाराय मला जमत न्हाई.”